थांबणाऱ्यांचा घाट

चि. मुक्ता हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या ट्रेकची लीडर म्हणून तुझं नाव लागल्याची बातमी तुझ्या आईने फोनवर अशा सुरात सांगितली, की लेक सीमेवर निघाली आहे असंच कुणाला वाटावं. मामाने तिची समजूत काढली. समजूत निघाल्यावर तिने हुकूम सोडला : "मग आता तूच तिला चार शब्द लिही." व्हॉट्सअ‍ॅपवरचा उपदेश तू वाचत नाहीस हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून हे कागदावर. सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेव. उल्हास नदीच्या खोऱ्यात शिरलं की फोनची रेंज जाते. कागदाची जात नाही.

पत्रात सारखं 'मी मी' नको, म्हणून हा गृहस्थ स्वतःला मामाच म्हणणार आहे. उपदेश करणाऱ्याने स्वतःपासून जरा लांब उभं राहिलेलं बरं असतं.

बेत चांगला आहे. कर्जतहून कोंदिवडे, तिथून कोंढाण्याची लेणी, मग खडी चढण चढून राजमाचीच्या उधेवाडीत मुक्काम, आणि रविवारी पंधरा-सोळा किलोमीटर तुडवत लोणावळा. बावीस जण, त्यांतले नऊ जन्मात पहिल्यांदा डोंगरात. तारीख कोजागरीच्या आदल्या शनिवारची. ही तारीख तुम्ही परीक्षांचं वेळापत्रक बघून काढली असणार, पण ती त्या लेण्यांत राहणाऱ्यांच्या पंचांगाशी नेमकी जुळते.

बौद्ध भिक्षूंनी आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत तीन महिने एकाच जागी राहायचं, असा नियम होता. त्याचं नाव वर्षावास. एरवी गावोगाव चालत राहणं हाच त्यांचा क्रम. पण हे लोक भर पावसात हिंडतात, कोवळं हिरवं आणि बारीकसारीक जीव पायाखाली तुडवतात, अशी लोकांनी कुरकुर केली आणि त्यातून हा नियम आला, असं विनयाच्या, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांच्या, ग्रंथांत सांगितलं आहे. सह्याद्रीतली लेणी पुढे बारमाही गजबजली, पण त्यांच्या मुळाशी हे पावसाळ्यातलं थांबणं आहे. आज पहा : पावसाचा पहिला थेंब पडायचा अवकाश, निम्मी मुंबई आणि निम्मं पुणं त्याच डोंगरांवर धावत सुटतं. भिक्षू ज्या दिवसांत चालणं बंद करत, नेमक्या त्या दिवसांत ट्रेकवाल्यांचा सीझन सुरू होतो. तुम्ही मात्र वर्षावास संपता संपता निघालात. मामाला हे आवडलं.

तर या पत्रात मामाला सांगायचं आहे ते थांबण्याबद्दल. चालायचं कसं ते पाय शिकवतात.

कोंढाण्याला थांबायचं म्हणजे धबधब्याखाली फोटो काढून पंधरा मिनिटांत निघायचं नाही. तासभर तरी दे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचं हे काम. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल बोरघाटाच्या वाटांनी वर चढायचा. वर गेलं की कार्ले, भाजे, बेडसे, आणि पुढे जुन्नर. कोंढाणे या रस्त्याच्या पायथ्याला, ऐन चढणीच्या आधी. पावसाळ्यात वरच्या कड्यावरून पाण्याचा पडदा थेट लेण्यांच्या तोंडावर पडतो. आश्विनात त्याच्या दोरीएवढ्या धारा उरलेल्या असतात, त्यामुळे आत शिरायला आणि मान वर करून नीट बघायलाही हीच वेळ बरी.

वर बघायचं ते चैत्याच्या दर्शनी कमानीकडे. दगड आहे, पण घडवणाऱ्याचं मन अजून लाकडात आहे. तुळया, कठडे, जाळ्या, वाशांची टोकं, सगळं सुताराच्या हिशेबाने कोरलं आहे. दगडाला यातल्या एकाचीही गरज नव्हती. शेजारच्या विहाराच्या छतालाही अशाच कोरीव तुळया, ज्यांच्यावर कसलाच भार नाही. नव्या नऊ जणांना एवढंच विचार : "छत डोंगराचं आहे, मग तुळई कशाला?" उत्तर सांगू नकोस. त्यांना भांडू दे.

मग चैत्याच्या डाव्या अंगाला ये. तिथे एका मोठ्या मूर्तीचं मस्तक तेवढं उरलं आहे, चेहरा झिजलेला, डोक्यावरचं पागोट्यासारखं शिरोभूषण अजून ओळखू येणारं. त्याच्याजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे. तिचा अर्थ असा, की हे कण्हाचा अंतेवासी बलक याने केलं. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने एवढं मोठं काम केलं आणि नाव घालायची वेळ आली तेव्हा स्वतःच्या आधी शिकवणाऱ्याचं घातलं. तिकडे पितळखोऱ्याला सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर कण्हदास नावाच्या सोनाराचं नाव आहे. हा कण्ह आणि तो कण्हदास एकच का, हे दगड सांगत नाही. पण अशा कोड्यावर चढणीचा अर्धा तास सहज निघतो. दमलेल्या माणसाला ग्लुकोजपेक्षा कोडं जास्त लांब नेतं, हा मामाचा अनुभव.

अशा भिंतींवर पुढच्या काळात आलेली नावंही तुला दिसतील. बदाम, बाण, आणि जिचं पुढे त्याच्याशी लग्न झालं नसणार अशी एखादी. तुमच्यातल्या कुणाचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला, तर त्याला बलक दाखव, आणि तेवढ्याने भागलं नाही तर कायदा सांग. प्राचीन स्मारकांचा 1958 चा कायदा 2010 मध्ये कडक झाला. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मामाच्या मते बलक पुरेल.

आता जरा रुक्ष भाग.

बावीस जणांची रांग डोंगरात बघता बघता अर्धा किलोमीटर लांबते. पुढचे टेपाडावर पोचतात, सॅक टाकतात, चिवडा काढतात, सेल्फी होतात. वीस मिनिटांनी शेवटची दोघं धापा टाकत येतात, आणि त्यांना बघून पुढचे काय करतात? "चला, आले सगळे!" म्हणून उठतात. म्हणजे ज्यांना विश्रांती हवी त्यांना ती कधीच मिळत नाही, आणि ज्यांना नको होती त्यांची दर थांब्याला चैन. अशी दोन-तीन टेपाडं झाली की शेवटच्या मुलीच्या पायात गोळे येतात आणि सगळे म्हणतात, हिचा स्टॅमिना कमी. स्टॅमिना नाही, थांबण्याचा हिशेब चुकला. शेवटचा माणूस आला की घड्याळ लाव. तिथून सात मिनिटं. आणि नवख्यांना रांगेत पुढे, थेट तुझ्या पाठीमागे घे. त्यांच्या पायाने तू चालशील, तर रांग तुटणार नाही.

शेपटाला सगळ्यात दमदार, सगळ्यात शांत माणूस ठेव. हा नियम मोडायचा मोह फार होतो, कारण दमदार माणसाला पुढे पळायचं असतं. लीडरच्या पुढे कुणी नाही, शेपटाच्या मागे कुणी नाही, आणि वाटेला फाटा फुटला की सगळे येईपर्यंत तिथेच. कोंढाण्याच्या वरच्या रानात गुरांच्या वाटा माणसांच्या वाटांपेक्षा मळलेल्या असतात. ढोरवाट छान रुंद असते, सावलीतून जाते, आणि शेवटी एखाद्या करवंदीच्या जाळीत किंवा पाण्याच्या डबक्याशी संपते. गुराला तेवढंच हवं असतं.

ओढ्यांबद्दल मामाने जे शिकून घेतलं ते फुकट मिळालेलं नाही. 1994 च्या जुलैत तो एका हौशी मंडळाचा लीडर होता. वय तेवीस, अक्कल त्याहून कमी. सकाळी जाताना जो ओढा घोट्याएवढा होता, तो दुपारी चारला परतताना गुडघ्याच्या वर, चहाच्या रंगाचा. सगळ्यांना सव्वापाचची लोकल गाठायची होती. मामा दोर घेऊन पलीकडे गेला, एका झाडाला बांधला आणि हात हलवून "या" म्हणाला. दुसराच मुलगा मधोमध घसरला. सॅकचा कमरेचा पट्टा त्याने घट्ट लावलेला, पाण्याने भरलेल्या सॅकने त्याला पालथा केला. तीस-पस्तीस फूट खाली उंबराच्या मुळांत तो अडकला म्हणून वाचला. गळ्याजवळचं हाड मोडलं. मग कुणाचीच पलीकडे जायची छाती झाली नाही; सतरा जण त्या काठावर, मामा आणि तो मुलगा या काठावर. दोन तासांनी पाणी आपोआप पोटरीपर्यंत उतरलं आणि सगळे चालत आले.

त्या दोन तासांत सह्याद्रीच्या ओढ्याचं सगळं शास्त्र आहे. कडा उभा, खडक काळा आणि फार कमी पाणी पिणारा, पाणलोट लहान. म्हणून वर सर पडली की ओढा मिनिटांत चढतो, आणि सर थांबली की तासा-दोन तासांत उतरतोही. तुझ्या डोक्यावर ऊन असेल आणि वरच्या पठारावर पाऊस पडत असेल, तरी ओढा पठाराचं ऐकतो. पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, आवाज जाड झाला, की काठावरून मागे सरायचं. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी असेल तर बसून राहायचं. गुडघ्याखाली असलं तरी उतरण्याआधी सॅकचे पट्टे सोडायचे, बूट काढायचे नाहीत, आणि कमरेला दोर बांधून तर मुळीच जायचं नाही. अडकला तर तोच दोर माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच परिवारातली पाच माणसं वाहून गेली. त्यांचा व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिला. त्यात पाणी चढत जाताना ती एकमेकांना घट्ट धरून उभी दिसतात. निघायची वेळ त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेली असते.

आश्विनात हे कशाला, असं म्हणशील. परतीचा पाऊस म्हणून. सकाळ लख्ख, दुपारी ढग, तीन-चारला गडगडाट. म्हणून वेळ मागून मोज : तीनच्या आत उधेवाडी, म्हणजे अकराला लेण्यांतून निघणं, म्हणजे कोंदिवड्याहून फार तर आठला चालायला लागणं, म्हणजे पहाटेची कर्जत लोकल. अकराच्या ऐवजी साडेबारा झाले तर? तर माघारी फिरायचं आणि कोंदिवड्यात जेवून घरी यायचं. हे वाक्य शुक्रवारीच सगळ्यांना सांगून ठेव. डोंगरात ते पहिल्यांदा सांगितलं तर भांडण होतं. आधी सांगितलेलं असलं तर नुसती कुरकुर होते.

साप चावला तर कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही, चोखायचं तर नाहीच. हात-पाय न हलवता दवाखाना. आग्या मोहोळ दिसलं तर डिओ, धूर, आरडाओरडा बंद. अडकलात तर लोणावळ्याची 'शिवदुर्ग मित्र' ही मंडळी कित्येक वर्षं अशांना बाहेर काढत आली आहेत. त्यांचा नंबर घेऊन ठेव आणि त्यांना रविवारी निवांत जेवू दे.

उधेवाडी आली की तुला कळेल की माची म्हणजे काय. दमछाक करणारा चढ एकदम संपतो, आणि सपाटीवर घरं, भातखाचरं, सोनकीच्या पिवळ्या फुलांचे पट्टे. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले दोन बाजूंना, मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ. गो. नी. दांडेकरांची 'माचीवरला बुधा' इथलीच. मुंबई सोडून या माचीवर परत आलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट. जाण्याआधी वाच. तुमच्यातल्या एकाने वाचली तरी रात्रीच्या गप्पांना पुरेल.

जेवण गावातल्या घरी सांगितलं असेलच. बावीस माणसांची भाकरी म्हणजे किमान साठ-सत्तर भाकऱ्या, आणि त्या एका-दोघी बाया चुलीपुढे बसून थापतात. चार डोकी गळाली तर आदल्या दिवशीच कळव. पोचल्यावर "चहा मिळेल का लगेच" असं ओरडत ओट्यावर चढू नका. ते घर आहे. पिठलं संपलं तर संपलं.

शनिवारची संध्याकाळ श्रीवर्धनसाठी ठेव, पण ढग काळे झाले असतील तर वर जायचं नाही. विजेच्या वेळी उघडा बालेकिल्ला, झेंड्याचा खांब, एकटं झाड, या तिन्ही जागा वाईट. निरभ्र असेल तर जा, आणि वर गेल्यावर आधी पाण्याच्या टाक्यांकडे जा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसून हा डोंगर झाला. पाणी कुठे धरून राहील तो थर ओळखून जुन्या लोकांनी टाकी खोदली, आणि अशा खोदाईतून निघालेला दगड तटाला लावायची गडकऱ्यांची जुनी रीत. एक खड्डा, दोन कामं. तटाच्या आत दुसरा तट असलेला चिलखती बुरूजही इथे आहे : बाहेरचा तोफेने ढासळला तरी आतला उभा. मामाच्या मते किल्ला बघायचा तर शिपायाच्या नजरेने बघू नये, पाणक्याच्या बघावा. घोषणा देणारे तटावर उभे राहतात. ज्याला खरंच इथे आठ महिने काढायचे होते त्याने पहिल्या दिवशी टाकं मोजलं असणार.

इतिहास थोडक्यात सांग, कारण चढून आलेल्या माणसाला सनावळी पचत नाही. 1657 च्या सुमारास कल्याण-भिवंडीबरोबर हा भाग शिवाजी महाराजांकडे आला. 1713 मध्ये शाहू महाराजांकडून कान्होजी आंग्र्यांकडे, 1730 मध्ये बाजीराव पेशव्यांकडे, 1818 मध्ये इंग्रजांकडे. राजमाचीचं काम लढण्यापेक्षा वर येणाऱ्यावर नजर ठेवण्याचं. कोकणातून घाट चढणारा प्रत्येक बैल इथून दिसायचा. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने यादीत घेतलेल्या बारा किल्ल्यांत शेजारचा लोहगड आहे, राजमाची नाही. काहींना याचा राग येतो. मामाला गर्दीचा हिशेब करून जरा बरंच वाटतं, पण हे मत उधेवाडीत बोलून दाखवू नकोस. तिथल्या चुली पाहुण्यांवर पेटतात.

रात्री चांदणं जवळजवळ पूर्ण असेल. काजवे नसतील, ते मे-जूनच्या सांध्यावरचे. उदयसागर तलावाकाठी शंकराचं जुनं देऊळ आहे, गोमुखातून पाण्याची धार पडते. तिकडे जायचं तर स्पीकर न नेता, आणि टॉर्च खाली धरून. पाण्यात कुणी उतरायचं नाही, पोहता येणाऱ्यांनी तर नाहीच. बुडणाऱ्यांत त्यांचीच नावं फार वाचली आहेत मामाने.

रविवारचा रस्ता कंटाळवाणा आहे, हे आधीच सांगून टाक. जीपचा रस्ता, लांबच लांब, आणि पायाला आलेले फोड. वेळ घालवायला वाटेतलं पाणी आहे : शिरोता, मग वळवण. टाटांनी घाटमाथ्यावरचं पावसाचं पाणी असं अडवलं, नळांतून खोपोलीला खाली सोडलं, आणि 1915 पासून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. बुधा ज्या मुंबईतून पळून आला, तिला वीज पुरवणारं पाणी त्याच्या शेजारच्या डोंगरातलं. आणि 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हा गाडीलाही चढ एका दमात झेपत नव्हता. खंडाळ्याच्या अलीकडे ती थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावायची, आणि उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. नऊ नवख्यांतला कुणी रडवेला झाला असेल तर त्याला ही गोष्ट सांग.

लोणावळ्यात डोकी परत मोज. स्टेशनवर मोजलेली खरी, रस्त्यावर मोजलेली नव्हे, कारण चिक्कीच्या दुकानात दोघं-तिघं हमखास राहतात. तू आत गेलीसच तर आजीसाठी राजगिऱ्याची घे. शेंगदाण्याची आता तिला चावत नाही, पण ती तसं कबूल करणार नाही.

दोर माळ्यावरच्या निळ्या पेटीत आहे. मामाचा तो 94 सालचा नव्हे. तो कधीच टाकून दिला.

तुझा,
मामा